असेंबल्ड मशीन, विकत घेतलेली डीव्हीडी आणि वकिलाची नोटीस

स्नेहलतागंजकर (इंदूर)

मंडळी, नमस्कार. माझा भाचा आरएनटी मार्गावर असेंबल्ड कॉम्प्युटर विकतो. हिशेब आणि जीएसटीचं मी बघतो, त्यामुळे कटकटीही माझ्याच टेबलावर येतात.

सध्या दोन एकदम आल्यात. लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारं एक ओळखीचं गिऱ्हाईक म्हणतंय, चार मशिनी द्या, पण आत ॲपलच्या मॅकची सिस्टिम पाहिजे, "डब्बा कोई भी चलेगा भिया." त्यांना फायनल कट, म्हणजे मॅकवरच चालणारं एडिटिंगचं सॉफ्टवेअर, वापरायचंय आणि खऱ्या मॅकचे पैसे द्यायचे नाहीत. दुकानातला पोरगा म्हणतो, हॅकिंटॉश, म्हणजे साध्या मशीनवर मॅकची सिस्टिम, एका दुपारी बसवून देतो. दुसरी कटकट शेजारच्या दुकानाची. त्यांना विंडोजबद्दल वकिलाची नोटीस आलीय, एकाच कीवर (विंडोज चालू करायच्या कोडवर) ढीगभर मशिनी विकल्या असा आरोप आहे. ते घाबरले, म्हणून आम्हीही घाबरलो.

भाच्याचं म्हणणं असं: मशीन माझी, सॉफ्टवेअरचे पैसे मी मोजणार, मग ते कुठल्या डब्यात घालायचं हे कंपनीने का सांगावं? मला तरी यात काही चुकीचं दिसत नाही. असल्या वादांबद्दल कोणी नीट वाचलंय का? चोरी वाईट असते एवढं आम्हाला ठाऊक आहे, त्यापुढचं सांगा.

---

छप्पनवाला (इंदूर)

त्या गिऱ्हाइकाला पोहे-जिलबी खिलवा आणि वाटेला लावा. ऐन लग्नात मशीन बसली की रात्री अकराला फोन तुम्हालाच येणार, ॲपलला नाही.

---

बूटलोडर (वडोदरा)

काका, तुमच्या भाच्याचा प्रश्न जसाच्या तसा अमेरिकेतल्या एका कंपनीने कोर्टात विचारला होता, आणि ती हरली. सायस्टार तिचं नाव, फ्लोरिडातली. एप्रिल २००८ मध्ये तिने ३९९ डॉलरपासून 'ओपनमॅक' विकायला काढला, मग लगेच नाव बदलून 'ओपन कॉम्प्युटर' केलं. आत बाजारात मिळणारे साधे भाग, वर मॅकची सिस्टिम, मॅक ओएस एक्सची लेपर्ड आवृत्ती. ३ जुलै २००८ ला ॲपलने कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दावा ठोकला.

लोकांना वाटतं ते चोरीची सिस्टिम टाकत होते. नाही हो. प्रत्येक मशीनच्या खोक्यात ते लेपर्डची रीतसर विकत घेतलेली डीव्हीडी ठेवत. दुकानात ती १२९ डॉलरला मिळायची. म्हणजे ॲपलचा त्या विक्रीतला पैसा बुडत नव्हता. तरी हरले. खरी गंमत इथेच आहे.

खोक्यातली ती डीव्हीडी उघडलेलीसुद्धा नसे. मशीनमध्ये जी सिस्टिम असे ती तिच्यातून आलेलीच नसे. सायस्टारने एका खऱ्या मॅक मिनीवरून सिस्टिम उचलली, ती परक्या मशीनवर नेली, तिथे स्वतःचा बूटलोडर (मशीन सुरू होताना सिस्टिम उठवणारा कोड) आणि कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, जोडायचे काही तुकडे घातले, आणि ते सगळं मिळून एक मास्टर इमेज, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची तयार नक्कल, बनवली. मग तीच इमेज विकायच्या प्रत्येक मशीनवर उतरवायची. तुमच्या दुकानातला पोरगा पेनड्राइव्हवरून करतो तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी १३ नोव्हेंबर २००९ ला निकाल दिला. सायस्टारचा आधार होता 'पहिली विक्री' या तत्त्वाचा: एकदा विकत घेतलेली प्रत पुढे विकायला मालकाची परवानगी लागत नाही. कोर्ट म्हणालं, हे तत्त्व कायदेशीरपणे तयार झालेल्या त्या एका प्रतीपुरतं. तुम्ही विकताय ती प्रत तुमच्या इमेजमधून निघालेली, ती बनवायचा हक्क तुम्हाला नव्हताच. डीव्हीडीची पावती त्या दुसऱ्या प्रतीला लागू होत नाही. वर सिस्टिममध्ये फेरफार केल्यामुळे परवानगीशिवाय नवी आवृत्ती बनवल्याचाही ठपका आला.

आणि कुलपाचा मुद्दा वेगळाच. ॲपलने सिस्टिमच्या काही महत्त्वाच्या फाइली सांकेतिक करून ठेवल्या होत्या आणि त्यांची किल्ली मॅकच्या हार्डवेअरमधल्या एका चिपमध्ये. सायस्टारच्या कोडने ती किल्ली बाहेरून पुरवली. अमेरिकेच्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्यात कुलूप फोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

पुढचं थोडक्यात: मे २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, डिसेंबरात सुमारे २७ लाख डॉलरच्या रकमेवर अंशतः तडजोड, पाठोपाठ कायमचा मनाईहुकूम. सप्टेंबर २०११ मध्ये अपिलातही हार, आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

---

जुना_राजवाडा (इंदूर)

हे मला पटत नाही. पंखा घेतला तर तो कुठल्या छताला लावायचा हे पंखेवाला सांगत नाही. सायस्टारने आळस केला, इमेज वापरली म्हणून सापडले. समजा प्रत्येक खोक्यातली डीव्हीडी उघडून तीच त्या मशीनवर बसवली असती, मग?

---

बूटलोडर (वडोदरा)

राजवाडा, पंखा लावताना त्याचा दुसरा पंखा तयार होत नाही. सॉफ्टवेअर बसवलं की डिस्कवर नवी प्रत होते, भांडण तिथूनच सुरू होतं.

पण प्रश्न चांगलाय. अमेरिकेच्या कायद्यात कलम ११७ आहे. प्रतीचा मालक ती चालवण्यासाठी आवश्यक तेवढी नक्कल किंवा बदल करू शकतो. सायस्टारच्या वकिलांनी हा बचाव वेळेवर मांडलाच नाही, म्हणून कोर्टाने तो सोडून दिल्याचं धरलं. मांडला असता तरी वाट सोपी नव्हती. ॲपलच्या लायसन्समध्ये सरळ लिहिलं होतं की ही सिस्टिम ॲपलचं लेबल असलेल्या कॉम्प्युटरवरच बसवायची, आणि तुम्हाला ती 'विकलेली' नाही, वापरायला दिली आहे. मालक नाही तर ११७ चा फायदा नाही. २०१० मध्ये ऑटोडेस्क कंपनीच्या सॉफ्टवेअरची जुनी सीडी ईबेवर विकणाऱ्या एका माणसाच्या खटल्यात त्याच अपील कोर्टाने हाच धागा पकडला होता. शिवाय कुलूप तर उरतंच.

---

कॉम्पॅकप्रेमी (पुणे)

मग आयबीएमच्या नकला करून अख्खी पीसी इंडस्ट्री उभी राहिली ती कशी? तिथे कोणी तुरुंगात गेल्याचं ऐकलं नाही.

---

बूटलोडर (वडोदरा)

नकलेत दोन जाती असतात, तुम्ही त्या एकत्र केल्यात.

आयबीएमचा पीसी १९८१ चा. त्याचे भाग बाजारातले, सिस्टिम मायक्रोसॉफ्टची आणि मायक्रोसॉफ्ट ती इतरांनाही विकत होती. आयबीएमची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट म्हणजे बायोस, मशीन चालू होताना पहिला चालणारा चिपमधला कोड. कॉम्पॅकने ते उतरवून घेतलं नाही. एका गटाने अभ्यास करून बायोस काय करतं याचं वर्णन लिहिलं, आणि आयबीएमचा कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा कोड लिहिला. यालाच क्लीन रूम म्हणतात. पुढे फिनिक्स कंपनीने असंच बायोस बनवून सगळ्यांना विकायला काढलं आणि क्लोनचा पूर आला. ज्यांनी शॉर्टकट मारला त्या कोरोना आणि ईगल या कंपन्यांवर १९८४ मध्ये आयबीएमने दावे लावले, आणि दोघींना नवं बायोस लिहायचं कबूल करावं लागलं.

दुसरी जात फ्रँकलिन कंपनीची. १९८२ मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरसारखी एस १०० नावाची मशीन काढली आणि ॲपलची सिस्टिम सरळ रॉमसकट (चिपमधल्या कोडसकट) उतरवली. इतकी सरळ की ॲपलच्या एका प्रोग्रामरचं नाव आणि 'ॲपलसॉफ्ट' हा शब्द त्यांच्या कोडमध्ये तसाच सापडला! बचाव काय, तर चिपमधला कोड माणसाला वाचता येत नाही, म्हणजे ते यंत्राचा भाग झालं, साहित्य नव्हे. खालच्या कोर्टाला हे थोडंफार पटलंसुद्धा होतं. १९८३ मध्ये अपील कोर्टाने उलटवलं: ऑपरेटिंग सिस्टिमही कॉपीराइटमध्ये येते, मग ती फ्लॉपीवर असो की चिपमध्ये. आज हे सगळ्यांना उघड वाटतं, तेव्हा नव्हतं.

म्हणजे काका, भाच्याने मॅकसारखं दिसणारं, मॅकहून वेगवान मशीन बनवावं, त्यावर स्वतः लिहिलेली सिस्टिम चालवावी, कॉपीराइटवाला त्याला हात लावू शकत नाही. दुसऱ्याने लिहिलेलं उतरवलं की तो अडकला.

---

मालवी_मावशी (देवास)

मक्तेदारीचं काय पण? एकच कंपनी सिस्टिम करणार, तीच डबा करणार, दुसऱ्याला शिरू देणार नाही. हे कोर्टाला चालतं?

---

बूटलोडर (वडोदरा)

मावशी, सायस्टारने हाच प्रतिदावा लावला होता. नोव्हेंबर २००८ मध्ये फेटाळला गेला. त्यांचं म्हणणं, मॅकची सिस्टिम हीच एक स्वतंत्र बाजारपेठ आहे आणि तिच्यावर ॲपलचा कब्जा आहे. कोर्ट म्हणालं, ॲपलच स्वतःच्या जाहिरातींत विंडोजशी स्पर्धा करतंय, एका ब्रँडची बाजारपेठ कशी मानायची? मग त्यांनी कॉपीराइटच्या गैरवापराचा मुद्दा काढला. तिथे जुना दाखला होता लेझरकॉम्बचा. त्या कंपनीने लायसन्समध्ये घातलं होतं की गिऱ्हाइकाने ९९ वर्षं स्पर्धक सॉफ्टवेअर बनवायचं नाही. तो गैरवापर ठरला. ॲपलने तसं काही म्हटलेलं नव्हतं. तुम्ही तुमची सिस्टिम बनवा, तुमचा डबा बनवा, फक्त आमची सिस्टिम तुमच्या डब्यात घालू नका. तेवढी अट कोर्टाला मान्य झाली.

माझं मत विचाराल तर कायदा ठीक, गिऱ्हाइकाचं भलं झालं असं नाही. ॲपलने १९९५ ला स्वतःच पॉवर कंप्युटिंग, युमॅक्स वगैरेंना क्लोन करायचे परवाने दिले होते. ते क्लोन स्वस्तही होते, वेगवानही. स्टीव्ह जॉब्स परतले आणि १९९७ मध्ये क्लोनचं दुकान बंद केलं. पॉवर कंप्युटिंगचा मॅकचा धंदा तर ॲपलने १० कोटी डॉलरचे शेअर देऊन विकतच घेतला. धंद्याच्या हिशेबाने बरोबर असेल. मला मात्र ते मशीन मिळायला हवं होतं!

---

स्नेहलतागंजकर (इंदूर)

बूटलोडर, वा! पण हे सगळं तिकडचं. आमच्याकडे काय? मी करांच्या बाजूने वाचलंय ते सांगतो. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने टाटा कन्सल्टन्सीच्या विक्रीकराच्या प्रकरणात म्हटलं की डब्यातलं तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे. २०२१ मध्ये इंजिनीअरिंग ॲनालिसिसच्या निकालात म्हटलं की असं सॉफ्टवेअर घेताना परदेशी कंपनीला दिलेले पैसे रॉयल्टी नव्हेत. मग माल घेतला, कर भरला, माल माझा. चूक कुठे?

---

खंडपीठवारी (इंदूर)

काका, मी इथेच इंदूर खंडपीठात वकिली करते. तुमचे दोन्ही दाखले बरोबर आहेत, काढलेला अर्थ अर्धा. ते दोन्ही निकाल करांचे. २०२१ चा निकाल तर उलट तुमच्या विरुद्ध वाचता येतो. तो म्हणतो, रॉयल्टी नाही, कारण गिऱ्हाइकाला कॉपीराइटमधला कुठलाच हक्क मिळालेला नाही, फक्त प्रत मिळाली. म्हणजे नकला काढायचा हक्क कंपनीकडेच राहिला.

आता आपला कॉपीराइट कायदा, १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीपासून कॉम्प्युटर प्रोग्राम 'साहित्यकृती' म्हणून त्यात आहे. कलम ५२ मध्ये सवलत आहे: प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे तो ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामासाठी नक्कल किंवा बदल करू शकतो, आणि बॅकअपही ठेवू शकतो. 'ज्या कामासाठी दिली गेली' यावर बोट ठेवा. ॲपलने ती परक्या डब्यासाठी दिलीच नव्हती, असंच समोरचा वकील म्हणेल. घरी एखादा विद्यार्थी शिकायला म्हणून हॅकिंटॉश बसवतो, त्याच्या बाजूने या सवलतींवर वाद घालता येईल. बिल फाडून चार मशिनी विकणाऱ्या दुकानाला मी त्यावर उभं राहायला सांगणार नाही.

शिक्षा सांगते, कारण शेजाऱ्यांनी ते नीट वाचलेलं नसणार. कलम ६३ खाली जाणीवपूर्वक उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. कलम ६३-ब वापरणाऱ्यासाठी. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं. म्हणजे तुमचं लग्नवालं गिऱ्हाईकही यात येतं, कारण ते त्यावर धंदा करणार. घरगुती वापर असेल तर कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडायची मुभा कोर्टाला आहे. कुलूप फोडण्यासाठी २०१२ मध्ये ६५-अ आलं, दोन वर्षांपर्यंत कैद. पण आपल्याकडे तिथे उल्लंघनाचा हेतू सिद्ध करावा लागतो.

आणि दुकानदारांच्या गळी न उतरणारी गोष्ट: कलम ६४ खाली फौजदाराच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं. त्याआधी हायकोर्टांत यावर एकमत नव्हतं. नुसती नोटीस म्हणून ड्रॉवरमध्ये टाकायची वेळ गेली.

---

छप्पनवाला (इंदूर)

मी तर आधीच म्हटलं होतं. पोहे स्वस्त पडतात.

---

सीओए_स्टिकर (इंदूर)

मॅकवर एवढं लिहिलंत, आपल्या मार्केटचं रोजचं दुखणं विंडोज आहे. मी कंपन्यांच्या जुन्या मशिनी घेऊन दुरुस्त करून विकतो, म्हणून माझ्याकडून ऐका.

ओईएम, म्हणजे नव्या मशीनबरोबर येणारं लायसन्स, त्या मशीनला बांधलेलं असतं, धरून चाला की मदरबोर्डला. बोर्ड बदलला की ते संपलं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. रिटेलचं, म्हणजे सुटं विकत घेतलेलं, मात्र एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं, एका वेळी एकावरच. विंडोज ८ पासून ब्रँडेड मशिनींत की बायोसमध्येच असते, म्हणून जुन्या डेल-एचपीला रीतसर विंडोज मिळतं आणि असेंबल्डला मिळत नाही. खूप पोरांना हा फरकच ठाऊक नाही. वर कंपन्यांचं व्हॉल्यूम लायसन्स (ढीगभर मशिनींसाठी एकदम घेतलेलं) हे अपग्रेडचं असतं, खाली मूळ लायसन्स लागतंच. कोऱ्या असेंबल्डवर ते चढवलं तर पाया नसलेली माडी.

शेजाऱ्यांकडे बहुतेक केएमएसचा खेळ असेल. विंडोज ॲक्टिव्हेट करायची ती पद्धत मोठ्या ऑफिसांसाठी आहे, किमान २५ मशिनी असतील तरच आतला सर्व्हर विंडोज चालू करतो आणि दर १८० दिवसांत मशीनने त्याला परत भेटावं लागतं. ॲक्टिव्हेटरवाले मशीनमध्येच खोटा सर्व्हर बसवतात. गिऱ्हाइकाला 'ॲक्टिव्हेटेड' दिसतं, कमांडवर एसएलएमजीआर /डीएलव्ही मारलं की व्हॉल्यूमचा चॅनल उघडा पडतो. शाळेने किंवा दवाखान्याने ऑडिटला हे दाखवलं की बोट तुमच्या बिलाकडेच. ऑनलाइन चारपाचशे रुपयांत की मिळते तीही अशीच कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूममधून फुटलेली असते, चालते तोवर चालते.

---

कॉम्पॅकप्रेमी (पुणे)

युरोपात ओईएम सुटं विकता येतं असं वाचलं होतं.

---

खंडपीठवारी (इंदूर)

हो. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २००० मध्ये म्हटलं की मायक्रोसॉफ्टने एकदा बाजारात आणलेली ओईएम प्रत मशीनशिवाय विकायला ते अडवू शकत नाहीत. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ओरॅकलच्या वादात डाउनलोड केलेलं लायसन्सही पुढे विकता येतं म्हटलं, फक्त विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी करायला हवी. भाच्याच्या बाजूचा सगळ्यात मजबूत युक्तिवाद हाच. पण तो युरोपच्या कायद्यावर उभा आहे, आणि तिथेही एका लायसन्सच्या दहा प्रती काढायला कोणी परवानगी दिलेली नाही.

---

बूटलोडर (वडोदरा)

काका, मॅकवाल्या गिऱ्हाइकासाठी अजून एक. सायस्टारकडे निदान विकत घेतलेली डीव्हीडी तरी होती. आज मॅकची सिस्टिम वेगळी विकतच मिळत नाही, मॅकबरोबरच येते. तुम्ही पैसे मोजणार कोणाला? शिवाय ॲपलने २०२० पासून स्वतःच्या चिपा आणल्या, आणि जून २०२५ मध्ये सांगून टाकलं की इंटेल मशिनींसाठी टाहो ही शेवटची आवृत्ती, आणि तुमचे असेंबल्ड डबे त्याच जुन्या जातीचे. खटला राहू दे, पुढच्या दोनतीन सीझननंतर फायनल कट अपडेट मागेल आणि चारही डबे तुमच्या काउंटरवर परत येतील.

---

स्नेहलतागंजकर (इंदूर)

मंडळी, गिऱ्हाइकाला नाही म्हणून टाकलं. भाचा तोंड फुगवून बसलाय, पण चिपचं ऐकल्यावर थोडा निवळला. गिऱ्हाईक आता म्हणतंय, विंडोज द्या, आम्ही एडिटिंगसाठी एडियस टाकू. मी विचारलं, एडियसची की कोणाची? फोन कट झाला.

एकच शंका उरली. भाचा म्हणतो, बिलावर 'ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय विक्री' असं छापू आणि मशीन कोरी देऊ. चालेल?

---

खंडपीठवारी (इंदूर)

कोरी खरोखर दिलीत तर चालेल. बिलावर कोरी आणि मागच्या टेबलावर पोरगा पेनड्राइव्ह लावून बसलाय, तर ती ओळ तुम्हाला सगळं माहीत होतं याचा पुरावा होईल. त्या पोराचा पेनड्राइव्ह आधी ताब्यात घ्या. आणि शेजाऱ्यांना सांगा, मशिनी फॉरमॅट करत सुटू नका. खरेदीची बिलं, मशिनींवरच्या विंडोजच्या स्टिकरचे फोटो, कोणती की कोणत्या मशीनला दिली त्याची वही, जे असेल ते गोळा करून वकिलाकडे न्या आणि नोटिशीत दिलेल्या मुदतीत उत्तर द्या.

---

सीओए_स्टिकर (इंदूर)

वही असती तर नोटीस आली असती का, ताई?